दुर्बिणीतून गर्भाशय काढल्यानंतरचे दुखणे घरी कसे सांभाळावे

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करायची आहे असे कळले की घरातली मंडळी निम्मी निर्धास्त होतात. ‘तीन-चार छिद्रे तर पाडायची’ असे म्हटले जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी परतलेल्या स्त्रीकडून आठवड्याभरात ओट्याशी उभे राहण्याची अपेक्षा सुरू होते. पोटावरच्या जखमा पाच ते बारा मिलिमीटरच्या असतात हे खरे आहे, परंतु आत गर्भाशय त्याच्या बंधांपासून आणि रक्तवाहिन्यांपासून सोडवून बहुधा योनीमार्गाने बाहेर काढलेले असते आणि योनीचे वरचे टोक टाके घालून बंद केलेले असते. हे आतले काम पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेइतकेच असते. कमी होतो तो पोटाची भिंत कापल्याचा त्रास. म्हणून या शस्त्रक्रियेनंतर दुखणे कमी असले तरी ते असतेच, आणि ते कोठे दुखते, केव्हा वाढते व कशाने थांबते हे माहीत असेल तर पहिले दोन आठवडे पुष्कळ सुसह्य होतात. पुढील सूचना त्या स्त्रीसाठी आहेत, तशाच तिची देखभाल करणाऱ्या माणसासाठीही आहेत. डिस्चार्ज कार्डावर काही वेगळे लिहिलेले असेल तर ते प्रमाण मानावे, कारण तुमच्या पोटात काय केले हे तुमच्या शल्यविशारदालाच ठाऊक असते.

दुखण्याची जागा ओळखा

‘पोट दुखते’ एवढेच सांगितल्याने डॉक्टरांना फार काही कळत नाही. या शस्त्रक्रियेनंतर निरनिराळ्या जागी निरनिराळ्या कारणांनी दुखते. बेंबीपाशी सहसा सर्वांत मोठे छिद्र असते, त्यामुळे तेथे हलताना, खोकताना, हसताना टोचल्यासारखे दुखते आणि आजूबाजूला निळसर-काळसर डागही पडतो. हा डाग रंग बदलत एक-दोन आठवड्यांत जातो. ओटीपोटात खोलवर, मासिक पाळीच्या वेळी येते तशी ओढ आणि जडपणा जाणवतो. ही ओढ आतल्या टाक्यांची असते आणि ती सर्वांत शेवटी, दोन ते चार आठवड्यांनी, ओसरते. भूल देताना श्वासनलिकेत नळी घातल्यामुळे एक-दोन दिवस घसा दुखतो. पाय वर बांधून बराच वेळ निजवलेले असल्यामुळे कंबर आणि मांड्याही दुखू शकतात. लघवीची नळी काढल्यानंतर पहिल्या दिवशी लघवीला थोडी जळजळ होते.

दिवसातून दोनदा, एकदा झोपलेले असताना आणि एकदा चालताना, शून्य ते दहा या मापात दुखणे किती आहे ते वहीत लिहून ठेवावे. ही वही पुढे फार उपयोगी पडते, कारण या शस्त्रक्रियेनंतर दुखण्याच्या आकड्यापेक्षा त्याची दिशा अधिक महत्त्वाची असते. पहिले दोन दिवस सर्वांत कठीण जातात. त्यानंतर प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा थोडा तरी बरा गेला पाहिजे. तिसऱ्या दिवशी तीनवर आलेले दुखणे पाचव्या दिवशी सहावर गेले, तर तो सहन करण्याचा विषय राहत नाही.

खांदा का दुखतो

पोटाचे ऑपरेशन झाले आणि खांदा दुखतो आहे, हे ऐकून पुष्कळ घरांत घबराट उडते, तर काही घरांत कोणी विश्वासच ठेवत नाही. याचे कारण साधे आहे. दुर्बिणीला आत दिसावे म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू साधारण बारा ते पंधरा मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने भरला जातो. शेवटी तो बाहेर सोडला तरी थोडा आत राहतो. तुम्ही उठून बसलात की तो वर सरकतो आणि छाती व पोट यांच्यामधल्या पडद्याला चिकटतो. त्या पडद्याची संवेदना वाहणारी नस मानेतून निघते, आणि मानेच्या त्याच भागातून खांद्याच्या कातडीच्या नसाही निघतात. त्यामुळे मेंदूला पडद्याचे दुखणे खांद्याचे वाटते. खांद्यात दोष काहीही नसतो.

हे दुखणे सहसा उजव्या खांद्याच्या टोकाला, कधी दोन्हीकडे, पहिल्या-दुसऱ्या दिवशी जास्त असते, बसल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर कमी होते. दोन-तीन दिवसांत, क्वचित आठवड्याने, वायू रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे निघून गेला की ते आपोआप थांबते. तोपर्यंत उशी काढून सपाट निजावे, गुडघे थोडे वर घ्यावेत, दर तासाला पाच-सहा दीर्घ श्वास घ्यावेत, आणि खांद्यावर कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. घरात फेऱ्या मारल्यानेही बरे वाटते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘गॅसमुळे दुखते’ हे शब्द ऐकले की ओवा, हिंग, खाण्याचा सोडा यांचा मारा सुरू होतो. हा वायू आतड्यात नसतो, आतड्याच्या बाहेर पोटाच्या पोकळीत असतो; तो ढेकरेने किंवा खालून सरून जाणार नाही. ओव्याने आतड्यातला गुबारा कमी होत असेल तर होवो, खांद्याला त्याचा उपयोग नाही. मात्र खांद्याच्या दुखण्याबरोबर धाप लागत असेल, छातीत दाबल्यासारखे होत असेल, दरदरून घाम येत असेल किंवा भोवळ येत असेल, तर ते वायूचे दुखणे समजू नये आणि लगेच रुग्णालयात जावे.

गोळ्या घड्याळाप्रमाणे

‘फारच दुखले तर घेईन’ ही पद्धत या काळात चुकीची आहे. दुखणे एकदा चढले की ते उतरवायला जास्त औषध लागते, आणि दुखते म्हणून स्त्री हलत नाही, खोल श्वास घेत नाही, जेवत नाही. त्यातून पुढचे त्रास उभे राहतात. आपल्याकडे न कण्हता सहन करणाऱ्या बाईचे कौतुक होते, पण या कौतुकाची किंमत तिची तब्येत चुकवते असे मला वाटते. पहिले तीन दिवस गोळ्या वेळच्या वेळी घ्याव्यात, त्यानंतर वही पाहून हळूहळू कमी कराव्यात.

बहुतेक ठिकाणी दोन प्रकारच्या गोळ्या मिळून देतात: एक पॅरासिटामॉल आणि दुसरी सूज व वेदना कमी करणारी, जसे आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅक. दोन्हींचे काम करण्याचे मार्ग वेगळे असल्याने दोन्ही मिळून एकटीपेक्षा चांगला आराम पडतो. उदाहरणार्थ, पॅरासिटामॉल सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री झोपताना, तर आयबुप्रोफेन न्याहारी, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण यांच्यानंतर, अशी आखणी डॉक्टर करून देऊ शकतात. दुसऱ्या प्रकारची गोळी रिकाम्या पोटी कधीही घेऊ नये. पोटात व्रण झालेला असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, हृदयविकार असेल, अशा गोळ्यांनी दमा उसळत असेल किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर ती गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. आणि या प्रकारातल्या दोन गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत. आयबुप्रोफेन चालू असताना शेजारणीने दिलेली डायक्लोफिनॅक घेतल्याने दुखणे फारसे कमी होत नाही, जठराला आणि मूत्रपिंडाला मात्र इजा होऊ शकते.

सर्वांत जास्त घोटाळा जोडगोळ्यांमुळे होतो. कॉम्बिफ्लॅमच्या एका गोळीत आयबुप्रोफेन चारशे मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असते. डोलो ६५० ही नुसती पॅरासिटामॉल आहे. आता कोणी डोलो दिवसातून चारदा घेतली तर २६०० मिलिग्रॅम झाले. ‘ते तापाचे, हे दुखण्याचे’ असे समजून तीन कॉम्बिफ्लॅम वर घेतल्या तर आणखी ९७५, म्हणजे एकूण ३५७५ मिलिग्रॅम. सर्दीची एखादी गोळी घेतली की चोवीस तासांत चार हजार मिलिग्रॅम ही निरोगी प्रौढ माणसाची कमाल मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि त्याचा फटका यकृताला बसतो. पन्नास किलोपेक्षा कमी वजनाच्या स्त्रीसाठी ही मर्यादा आणखी खाली येते. एका वेळची मात्रा किलोमागे पंधरा मिलिग्रॅम धरतात, म्हणजे चाळीस किलोच्या स्त्रीला एका वेळी सहाशे मिलिग्रॅम पुरे. आपल्याकडे चाळीस-पंचेचाळीस किलोच्या बायका काही कमी नाहीत, तेव्हा रुग्णालयातून निघण्यापूर्वी आपले वजन सांगून मात्रा विचारून घ्यावी. घरी आल्यावर प्रत्येक पट्टीच्या मागे छापलेली घटकांची नावे वाचून एका कागदावर मांडावीत.

ट्रामाडॉल हे अधिक तीव्र वेदनाशामक असलेली गोळी दिली असेल तर ती राखीव समजावी. बाकीच्या गोळ्या वेळेवर घेऊनही दुखणे आवरत नसेल तेव्हाच ती घ्यावी. तिने मळमळते, गरगरते, झापड येते आणि मलावरोध होतो. झोपेच्या गोळीबरोबर ती घेऊ नये, आणि नैराश्याची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे. ती घेत असताना स्कूटर चालवू नये.

ताप मोजायचा असेल तर पॅरासिटामॉल घेण्याच्या आधी मोजावा. गोळीनंतर तासाभराने मोजलेला ताप खोटा दिलासा देतो.

उठणे, बसणे, चालणे

जमिनीवर अंथरूण घालण्याची सवय असली तरी पहिले दोन आठवडे खाटेवर किंवा पलंगावर निजावे, कारण जमिनीवरून उठताना पोटाच्या स्नायूंवर सगळा भार येतो. पलंगावरून उठतानाही सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, गुडघे दुमडून पाय पलंगाखाली सोडावेत आणि कोपर व तळहाताने रेटा देत बसावे. पोटाला काम करू देऊ नये. मिनिटभर बसून मगच उभे राहावे. खोकला, शिंक किंवा हसू आले तर छोटी उशी किंवा घडी केलेली चादर पोटावर दोन्ही हातांनी घट्ट धरावी. या एका युक्तीने निम्मे दुखणे कमी होते, असे बायका आवर्जून सांगतात.

पोटाला पट्टा बांधावा का, हा प्रश्न नेहमी निघतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर पट्ट्याची गरज नसते. चालताना आधार वाटत असेल तर सैलसर बांधायला हरकत नाही, पण पोट सुटू नये म्हणून करकचून बांधलेल्या पट्ट्याने श्वास आखूड होतो आणि जखमेभोवती घाम साचतो.

चालणे मात्र पहिल्या दिवसापासून हवे. दर दोन तासांनी घरातल्या घरात पाच मिनिटे चालल्याने पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो, आतडी लवकर जागी होतात आणि खांद्याचे दुखणेही हलके होते. जिना चढायला बंदी नाही. कठड्याला धरून सावकाश चढावे.

पोट साफ होणे आणि लघवी

पाचव्या दिवशी ‘टाके दुखतात’ म्हणून आलेल्या स्त्रीचे खरे दुखणे पुष्कळदा चार दिवस न झालेली शौच असते. भूल, ट्रामाडॉल, कमी पाणी आणि कुंथायची भीती हे सगळे मिळून आतडी मंदावतात. डॉक्टरांनी लॅक्टुलोजसारखे पातळ औषध दिले असेल तर ते पहिल्या रात्रीपासून घ्यावे, मलावरोध होण्याची वाट पाहू नये. इसबगोल घेत असाल तर पेलाभर पाण्याबरोबर आणि वर आणखी पेलाभर पाणी पिऊन घ्यावा. कमी पाण्यात घेतलेला इसबगोल उलट अडून बसतो. मऊ भात, मुगाचे वरण, शिजलेल्या भाज्या, ताक, पपई, भिजवलेल्या मनुका एवढे पुरे. डिंकाचे आणि मेथीचे लाडू प्रेमाने आलेले असतात, पण पहिल्या आठवड्यात ते जड पडतात. डबा बंद करून ठेवावा, नंतर खावेत. एनिमा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. भारतीय पद्धतीच्या शौचकूपात उकिडवे बसल्याने टाके तुटतात असे नाही, परंतु तेथून उठताना ताण पडतो, म्हणून काही दिवस कमोडची किंवा कमोड-खुर्चीची सोय करता आली तर करावी.

लघवी दर तीन तासांनी, लागो न लागो, करून यावी. भरलेले मूत्राशय आतल्या टाक्यांवर दाब देते. लघवी लागूनही होत नसेल आणि ओटीपोट तट्ट फुगत असेल तर सकाळपर्यंत थांबू नये.

जखम, अंगावरून जाणे आणि कामे

जखमेवर हळद, तेल, पावडर काहीही लावू नये. पट्टी ओली झाली तर बदलावी, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तांब्याने साधे पाणी ओतून अंघोळ करून जागा टिपून कोरडी करावी. गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर ठेवायची असेल तर जखमेवर थेट ठेवू नये. जखमेभोवतीची कातडी काही दिवस बधिर असते आणि चटका बसलेला कळत नाही.

चार-सहा आठवडे अंगावरून थोडे लालसर-तपकिरी जाणे स्वाभाविक आहे, आणि दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतले टाके विरघळताना ते एक-दोन दिवस किंचित वाढूही शकते.

पहिले सहा आठवडे चार-पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये, ही सूचना सगळे ऐकतात आणि कोणी हिशोब करत नाही. वीस लिटरची भरलेली बादली वीस किलोची असते, पाण्याची कळशी दहा-बारा किलोची, आणि मांडीवर यायला हट्ट धरणारे दोन वर्षांचे मूल तेवढेच. घरगुती सिलिंडर नुसता सरकवणेही टाळावे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर चर्चेला आला. मोळ्या उचलून गाडी भरणाऱ्या स्त्रीला ‘दीड महिना वजन उचलू नका’ हे वाक्य एका अख्ख्या हंगामाच्या मजुरीएवढे महाग पडू शकते. ज्यांचे पोट अंगमेहनतीवर आहे त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच हा हिशोब डॉक्टरांपुढे मांडावा. तातडीची नसलेली शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे नेता येते.

शरीरसंबंध डॉक्टरांनी आतून तपासून परवानगी देईपर्यंत, म्हणजे बहुधा आठ ते बारा आठवडे, पूर्ण टाळावेत. योनीच्या टोकाचे टाके बाहेरून दिसत नाहीत, त्यामुळे पोटावरची जखम भरली म्हणजे आतलीही भरली, असे घरच्यांना वाटते. ही गोष्ट नवऱ्याला डॉक्टरांनीच समोर बसवून सांगावी, अशी विनंती करायला संकोच करू नये.

केव्हा थांबू नये

आतड्याला शस्त्रक्रियेत इजा झाली असेल तर ती कधी कधी दोन-चार दिवसांनी उघडकीस येते. वाढत जाणारे पोटदुखणे, फुगत जाणारे पोट, उलट्या, वारा न सरणे, जोरात धावणारी नाडी आणि १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, यांपैकी काही दिसले तर ‘गॅस असेल’ म्हणून घरी बसू नये. मूत्रवाहिनीला इजा झाली असेल तर एका कुशीत, पाठीकडे दुखते, ताप येतो, किंवा खालून पाण्यासारखे सतत गळत राहते. हे दुसऱ्या आठवड्यातही सुरू होऊ शकते आणि त्याला पांढरे जाणे समजण्याची चूक हमखास होते. तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, दुर्गंधीयुक्त स्राव, एकाच पोटरीत दुखणे व सूज, अचानक धाप लागणे किंवा श्वास घेताना छातीत कळ येणे, ही सगळी तत्काळ रुग्णालयात जाण्याची कारणे आहेत. कुंथल्यानंतर किंवा संबंधानंतर एकाएकी कळ येऊन खालून भळकन रक्त किंवा पाणी गेले, किंवा काही बाहेर आल्यासारखे वाटले, तर आडवे व्हावे, तेथे स्वच्छ ओले कापड ठेवावे, ते आत ढकलण्याचा प्रयत्न करू नये आणि महाराष्ट्रात असाल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

महिन्यानंतर उरलेले दुखणे

छिद्राची जखम भरून गेल्यावर तीन-चार आठवड्यांनी तेथे गाठ होऊन चिकट पाणी येऊ लागले आणि नेहमीच्या प्रतिजैविकांनी ते थांबेना, तर क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतल्या, पण क्षय नसलेल्या जंतूंचा संसर्ग असू शकतो. उपकरणांचे निर्जंतुकीकरण अपुरे पडल्याने तो होतो आणि भारतात तो अनोळखी नाही. अशा वेळी वारंवार पट्टी बदलत राहण्यापेक्षा त्या पाण्याची तपासणी करण्याचा आग्रह धरावा, कारण याची औषधे वेगळी असतात आणि काही महिने घ्यावी लागतात. मोठ्या छिद्राच्या जागी खोकताना फुगवटा येत असेल तर तो हर्निया असू शकतो. खालच्या बाजूच्या एखाद्या छिद्रापासून जांघेपर्यंत आग होत असेल किंवा विजेचा झटका बसल्यासारखे होत असेल, तर कातडीची बारीक नस अडकलेली असण्याची शक्यता असते. अशा दुखण्यावर साध्या वेदनाशामकाचा फारसा परिणाम होत नाही, नसेच्या दुखण्याची औषधे किंवा त्या जागी इंजेक्शन द्यावे लागते.

ज्यांना शस्त्रक्रियेआधी वर्षानुवर्षे ओटीपोटात दुखत होते, विशेषतः एंडोमेट्रिओसिसमुळे (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या विकारामुळे), त्यांचे दुखणे इतरांपेक्षा सावकाश ओसरते. तेव्हा जावेची किंवा मैत्रिणीची तारीख आपल्याला लावून घेऊ नये. मात्र तीन महिन्यांनंतरही दुखणे टिकून असेल तर ते वेगळे तपासण्याजोगे दुखणे असते. त्या भेटीला जाताना दुखण्याची वही, शस्त्रक्रियेची टिपणी आणि काढलेल्या गर्भाशयाच्या तपासणीचा अहवाल बरोबर न्यावा. हा अहवाल पुष्कळ घरांत पैसे भरल्याच्या पावत्यांत न वाचता पडून राहिलेला असतो.